एक खाज, दोन आजार

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची नागपूरहून नोकरीसाठी गुरुग्रामला आली. पीजीमध्ये राहायची आणि शनिवार-रविवारी आमच्याकडे नोएडाला यायची. अशाच एका शनिवारी जेवताना ती सारखी कंबर खाजवत होती. मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘काही नाही गं मावशी, पुन्हा इसब निघालंय वाटतं.’’

तिला लहानपणापासून इसबाचा त्रास. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे कातडी कोरडी पडायची, लाल व्हायची. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. भांड्यांच्या साबणाने माझ्या हातांनाही दोन वर्षांपूर्वी इसब झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली ट्यूब अर्धी उरली होती. मी कपाटातून ती काढली आणि मोठ्या मायेने तिच्या हातात ठेवली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, ‘‘मावशी, जादूच झाली. खाज गायब!’’ मीही खूश झाले.

ऑक्टोबरमध्ये माझ्या बहिणीचा फोन आला. ‘‘अगं, डिसेंबरात लग्न आहे आणि ही पोरगी ब्लाउजची मापं द्यायलाच तयार नाही. दिवाळीत टेलरकडे जाऊ म्हटलं तर रडायलाच लागली. काय झालंय, तू जरा बघ ना.’’

मी तिच्या पीजीवर गेले. दार लावून तिने कुर्ता वर केला आणि मी बघतच राहिले. कमरेभोवती, पोटावर आणि मांड्यांवर मोठमोठे चट्टे, कुठे लाल, कुठे काळपट. कोपरांची कातडी तर नेहमीपेक्षा जास्त फाटलेली. तिने ड्रॉवर उघडून दाखवला. माझी ट्यूब संपल्यावर तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी पाच वेगवेगळ्या ट्यूब आणल्या होत्या. लावलं की तीन-चार दिवस बरं वाटायचं, थांबवलं की दुप्पट वेगाने परत यायचं. ‘‘मावशी, हे जाईल ना गं? आणि त्यांच्याकडे काय सांगू?’’ ‘त्यांच्याकडे’ म्हणजे होणाऱ्या सासरी.

तिला धीर दिला, पण माझ्या पोटात खड्डा पडला होता. पहिली ट्यूब मीच दिली होती.

डॉक्टरांनी काढलेला नकाशा

दुसऱ्या दिवशी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी आधी सगळ्या ट्यूब टेबलावर मांडायला सांगितल्या आणि प्रत्येकीवरची बारीक अक्षरं वाचली. सहापैकी सहांमध्ये स्टेरॉइड होतं. मग कमरेच्या चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडा कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले. कोपराच्या कोंड्यात मात्र काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला माणसाची आकृती काढली. कोपर आणि गुडघ्यामागे निळ्या पेनाने चौकोन केले, कंबर, पोट आणि मांड्यांवर लाल पेनाने गोल. म्हणाले, ‘‘निळं म्हणजे इसब, ते खरंच आहे. लाल म्हणजे नायटा, तोही खरा आहे. तुम्हाला एक नाही, दोन आजार आहेत. निळ्यासाठी जे औषध होतं, ते तुम्ही लालवर लावलंत.’’

या लेखाचा सगळा विषय त्या कागदावर आला आहे. एकाच माणसाच्या त्वचेवर एकाच वेळी दोन आजार असू शकतात. दोन्ही खाजतात, दोन्ही लाल दिसतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला खतपाणी घालतं.

आपल्या भाषेत शब्द वेगळे आहेत

गंमत म्हणजे मराठीत या आजारांना स्वतंत्र नावं आहेत. नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग. इसब म्हणजे एक्झिमा. त्यात संसर्ग नसतो, त्वचेचं संरक्षक कवच कमकुवत असतं आणि त्यामुळे दाह होतो. खरूज म्हणजे कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्याचा त्रास. कोड म्हणजे त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी नष्ट होणं. आपल्या आज्या हे शब्द नेमकेपणाने वापरायच्या. आपण मात्र घरात एवढंच म्हणतो, ‘खाज सुटलीय, काहीतरी लाव.’ इकडे दिल्लीत तर ‘दाद-खाज-खुजली’ एका दमात म्हणतात, जणू तिन्हींना एकच मलम पुरेल.

इसब आणि नायट्यातला ढोबळ फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. नायट्याचा चट्टा बहुधा गोल असतो. त्याची कडा उठलेली, लाल आणि कोंडा असलेली, तर मधला भाग त्यामानाने साफ दिसतो. तो दिवसेंदिवस बाहेरच्या बाजूला पसरतो. जांघ, कंबर, काख, स्तनांखालचा भाग अशा घाम साचणाऱ्या जागा त्याला आवडतात. इसबाला अशी ठळक कडा नसते. ते बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखंच येतं, कातडी कोरडी, जाड, कधी लस येणारी होते आणि अनेकदा लहानपणापासूनचा इतिहास असतो. घरात कुणाला दमा किंवा सततची सर्दी-शिंकांची अ‍ॅलर्जी असते.

हा फरक पुस्तकातला झाला. स्टेरॉइड लावलेल्या नायट्यात मात्र तो पुसला जातो. कडा फिकट होते, गोल आकार बिघडतो, एका गोलात दुसरा गोल दिसू लागतो. १९६८ मध्ये ब्रिटनमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी या बदललेल्या रूपाला ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं नाव दिलं. अर्थ सोपा आहे, वेश बदलून आलेला नायटा. म्हणूनच फोटो पाहून किंवा नुसत्या अंदाजाने ठरवू नये. कोंड्याची तपासणी साधी आणि जलद असते. चट्टे दाखवायला गेलात की ‘कोंडा तपासायची गरज आहे का?’ असं जरूर विचारा.

स्टेरॉइडने खाज का थांबते?

स्टेरॉइड मलम वाईट नाही. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर वापरायला सुरुवात झाली आणि एक्झिमाच्या उपचाराचं चित्रच बदललं. योग्य जागी, योग्य ताकदीचं आणि ठरलेले दिवस वापरलं तर ते आजही उत्तम औषध आहे.

त्वचा लाल होते, सुजते, खाजते, ते शरीराच्या संरक्षण यंत्रणेमुळे. स्टेरॉइड ही यंत्रणा शांत करतं. इसबात ती विनाकारण खवळलेली असते, म्हणून शांत केल्याने आजारच कमी होतो. नायट्यात मात्र ती बुरशीशी लढत असते. तिला झोपवलं की लाली आणि खाज जाते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. रुग्णाला वाटतं बरं झालं, प्रत्यक्षात आतून पसरणं चालू असतं. माझ्या भाचीची ‘जादू’ हीच होती.

शिवाय फार दिवस लावलेलं तीव्र स्टेरॉइड स्वतःच नुकसान करतं. कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मांडी आणि काखेत गर्भारपणानंतर दिसतात तसे व्रण पडतात. हे व्रण पूर्णपणे जात नाहीत. चेहऱ्यावर लावलं तर मुरमं, लाली, नको तिथे केस आणि ऊन लागताच आग आग. गोरं दिसण्यासाठी किंवा वांगाचे डाग घालवण्यासाठी मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब महिनोन् महिने लावणाऱ्या अनेक जणींचं असं होतं. म्हणजे वांग राहिला बाजूलाच, वर स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. हेही एकाच चेहऱ्यावरचे दोन आजारच.

दिल्ली आणि नायट्याचं नवं रूप

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायटा पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही. घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना होतो, पुन्हा पुन्हा उलटतो, पूर्वी दोन-तीन आठवड्यांत गुण देणारी औषधं आता पुरत नाहीत. यात दिल्लीतल्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट ही खरं तर फुप्फुसांच्या आजारांसाठी ओळखली जाणारी संस्था, पण तिथल्या बुरशीतज्ज्ञांनी दिल्लीतल्या रुग्णांच्या कोंड्यातली बुरशी तपासली. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला त्यातले अनेक नमुने दाद देत नव्हते आणि त्यामागे बुरशीच्या एका जनुकातला बदल होता, असं त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं.

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीला स्वतंत्र प्रजाती मानून ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव दिलं. नावातच इंडिया आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांना हाच संसर्ग झाल्याचं जाहीर केलं. त्यातली एक तर अलीकडे परदेशी गेलेलीही नव्हती. जांघेतला नायटा ही लपवून ठेवायची घरगुती बाब आहे असं वाटत असेल, तर तो असा जगभर फिरतो आहे.

स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध एकाच ट्यूबमध्ये मिसळून विकण्याची पद्धत हे या वाढीमागचं एक मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. त्यांच्या देशव्यापी संघटनेने यासाठी कृतिदल नेमून सरकारकडे पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी तरतूद केली. कायदा झाला, पण काउंटरवर ‘भैया, खुजली की ट्यूब देना’ म्हटल्यावर पुढे येणारी ट्यूब काही थांबलेली नाही. तिथे आपणच थांबायचं आहे.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी एकही नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे हे समजा. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’ आलं तर निदान शंका तरी घ्या आणि विचारा.

दोन आजार एकत्र का येतात?

भाचीच्या निमित्ताने मी डॉक्टरांना हा प्रश्न विचारला. त्यांनी चार वाटा सांगितल्या.

पहिली, एक आजार दुसऱ्याला दार उघडून देतो. इसबात कातडीचं कवच फाटलेलं असतं, त्यातून जंतू सहज शिरतात. मग पिवळी खपली धरते, पू येतो. खरजेत खाजवून खाजवून जखमा होतात, त्यात जंतुसंसर्ग होतो, वर इसबही उठतं. पायांच्या बोटांमधल्या चिखल्या आपण किरकोळ समजतो, पण त्या भेगांतून जंतू शिरून अख्खा पाय लाल होऊन सुजू शकतो. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं.

दुसरी, दोन्ही आजारांचं मूळ सारखं असतं. कोड आणि सोरायसिस दोन्ही शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या गोंधळातून होतात आणि काही रुग्णांत एकत्र दिसतात. कधी तर कोडाच्या पांढऱ्या डागावरच सोरायसिसचा लाल, चंदेरी पापुद्र्याचा चट्टा उमटतो. दोघांची एक खोडही सारखी आहे. कातडीला ओरखडा पडला, घासलं, भाजलं की त्या रेषेवर नवा डाग येतो. एकोणिसाव्या शतकात कोबनर या जर्मन डॉक्टरांनी हे सोरायसिसमध्ये पाहिलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. इथे मात्र एक दिलासा आहे. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा ठरावीक मात्रेतला उपचार या दोन्ही आजारांत उपयोगी पडतो. म्हणजे दोन आजार आहेत म्हटल्यावर प्रत्येक वेळी उपचारही दुप्पट होतात असं नाही.

तिसरी, एका गोष्टीवर केलेला इलाज किंवा रोजच्या वापरातली एखादी वस्तू दुसरा आजार ओढवून आणते. स्टेरॉइडचं आपण पाहिलंच. दुसरं उदाहरण आपल्या कपाळावरचं. काही चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. त्याने कुणाला टिकलीच्या जागी अ‍ॅलर्जीचं इसब होतं आणि रंग बनवणाऱ्या पेशींना इजा होऊन तिथेच पांढरा डागही पडतो. आधी खाज, मग डाग. अशा वेळी टिकलीची जागा बदलून काही होत नाही. ती टिकलीच बंद करून डॉक्टरांना दाखवायला हवं.

चौथी वाट अगदी साधी, योगायोग. नायटाही सर्रास होणारा, इसबही सर्रास होणारं. दोन्ही एकाच घरात येतात, तसे एकाच अंगावरही येतात.

दिल्लीच्या हवेत तर दोघांसाठी वर्षभर सोय आहे. जुलै ते सप्टेंबर दमट उकाडा, घाम, घट्ट जीन्स आणि न वाळलेले कपडे म्हणजे नायट्याची चंगळ. नोव्हेंबरपासून कोरडी थंडी, कढत पाण्याच्या अंघोळी, लोकरीचे कपडे आणि धुरकट हवा म्हणजे इसबाची पाळी. महाराष्ट्रातून इथे आलेल्यांना हिवाळ्यातला कोरडेपणा नवा असतो. त्यात शेजारच्या काकू सरसोंच्या तेलाने मालिश करायला सांगतात. इसब असलेल्या कातडीला ते तेल चुरचुरतं, दाह वाढवतं. त्यापेक्षा सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली बरी.

एक प्रसिद्ध उदाहरण

मायकेल जॅक्सन या गायकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धंच. १९९३ मध्ये ऑप्रा विन्फ्रेच्या कार्यक्रमात त्याने आपल्याला त्वचेचा रंग नाहीसा करणारा आजार असल्याचं सांगितलं, तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. २००९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत कोड असल्याची नोंद झाली. त्याला कोडाबरोबर डिस्कॉइड ल्युपस हा त्वचेचा दुसरा आजारही होता, असं त्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं. ल्युपसमध्ये उन्हाने त्रास वाढतो, त्यामुळे अशा रुग्णाला कोडासाठीचे किरणोपचार सहसा देत नाहीत. दुसरा आजार माहीत असणं किती महत्त्वाचं, ते यावरून कळतं. दुसरा आजार कळला की पहिल्याचा उपचारही बदलू शकतो.

कोड संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, हात धरल्याने ते होत नाही. पण प्रत्येक फिकट डाग म्हणजे कोडच असंही नाही. डागावर स्पर्श, गरम-गार किंवा टोचलेलं कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. लाजेने दडवलं तर मात्र नसांचं नुकसान कायमचं राहतं.

भाचीने काय केलं?

सगळी स्टेरॉइड मलमं बंद झाली. पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढेल, घाबरून पुन्हा ट्यूबकडे जाऊ नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तसंच झालं. रात्री दोन वाजता तिचा फोन यायचा, ‘‘मावशी, सहन होत नाही गं.’’ मी तिला थंड पाण्याची घडी ठेवायला सांगायचे आणि झोप लागेपर्यंत गप्पा मारायचे. एवढं तर माझं देणं लागत होतं.

नायट्यासाठी पोटात घ्यायचं आणि वरून लावायचं बुरशीविरोधी औषध आठवड्यांच्या हिशेबाने दिलं. गोळ्या सुरू करण्याआधी इतर कोणती औषधं चालू आहेत, पाळी वेळेवर आहे का, यकृताचा काही त्रास होता का, हे सगळं विचारलं. या गोळ्या इतर औषधांशी भांडू शकतात आणि गर्भारपणात त्या सरसकट चालत नाहीत, म्हणून शेजारणीच्या गोळ्या घेणं हे शेजारणीची ट्यूब लावण्यापेक्षाही धोक्याचं. इसबासाठी अंघोळीनंतर अंग टिपून लगेच भरपूर मॉइश्चरायझर. नायटा आटोक्यात आल्यावर, फक्त निळ्या चौकोनांपुरतं, सौम्य मलम ठरावीक दिवस.

मलम किती घ्यायचं, तेही डॉक्टरांनी शिकवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, तेवढं मलम त्याच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

तिच्या खोलीतल्या मैत्रिणीलाही नायटा निघाला. दोघींनी एकाच वेळी उपचार घेतले, टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले आणि शिवणींवर इस्त्री फिरवली. एकीनेच औषध घेतलं असतं तर नायटा दोघींमध्ये फिरतच राहिला असता.

डिसेंबरपर्यंत गोल चट्टे गेले. काळे डाग हळूहळू फिके होत आहेत. मांडीवरचे पांढरट व्रण मात्र राहिले आहेत आणि ते राहतील. ते दिसले की मला ती ट्यूब आठवते.

होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतःच सांगितलं, तो डॉक्टरांचा कागदही दाखवला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग मलाही तपासून घ्यायला हवं का?’’ सासूबाईंनी मात्र विचारलं, ‘‘हे पुढे मुलाबाळांत येतं का?’’ प्रश्न टोचला, पण उत्तर देण्यासारखं होतं. नायटा अनुवंशिक नाही, तो संसर्ग आहे आणि बरा होतो. इसबाची प्रवृत्ती घराण्यात असू शकते, पण ते एकमेकांना लागत नाही आणि काळजी घेतली तर आटोक्यात राहतं. सासूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या दिरालाही लहानपणी होतं तसलं. मग ब्लाउजची मापं दिली गेली.

तुम्ही हे करा

चट्टे दोन प्रकारचे वाटत असतील तर दोन्ही दाखवा. जांघेतलं किंवा स्तनांखालचं लाजून लपवू नका. डॉक्टरांना जे दिसत नाही, त्याचं औषध ते देऊ शकत नाहीत.

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, तेलं, लेप बरोबर न्या. रिकाम्या ट्यूबही चालतील.

कोणतं औषध कोणत्या जागेसाठी, ते आकृती काढून विचारा. मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवा.

लिंबू, लसूण, टूथपेस्ट, जंतुनाशक द्रव असं काही चट्ट्यावर चोळू नका. त्याने कातडी भाजते आणि दोनाचे तीन आजार होतात.

घरात आणखी कुणाला खाज आहे का, ते विचारा. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि एकाच वेळी दोघा-तिघांना त्रास असेल तर खरजेचा विचार व्हायला हवा. त्यात खाज नसलेल्यांनीही एकाच वेळी उपचार घ्यायचे असतात.

नायटा दिसेनासा झाला म्हणून औषध मध्येच सोडू नका. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत चालू ठेवा.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. इसबाच्या जागी अचानक दुखणारे, पाणी भरलेले एकसारखे फोड आणि ताप, पाय लाल-गरम होऊन झपाट्याने सुजणं, अंगभर कातडी सोलणं, डोळे किंवा तोंडात फोड येणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दिल्लीत एम्स, सफदरजंग, राममनोहर लोहिया, लेडी हार्डिंग या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. रांगेत वेळ जाईल, पण कोपऱ्यावरच्या ट्यूबने त्याहून जास्त महिने जातात.

लग्नाहून परत आल्यावर मी माझं औषधांचं कपाट रिकामं केलं. कुणाच्या कुठल्या दुखण्यासाठी आणलेल्या हे आठवत नसलेल्या सात ट्यूब निघाल्या, त्यातल्या चारांची मुदत संपलेली. आता नव्या ट्यूबवर मी पेनाने तीन गोष्टी लिहिते, कुणासाठी, कुठल्या जागेसाठी, किती दिवस. आज रात्री जेवण झाल्यावर तुम्हीही तुमचं कपाट उघडून बघा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘तुझी ती ट्यूब दे ना जरा’ म्हटलं, तर तिला ट्यूब देऊ नका, तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा.